भाऊबीज गुहागरला : एका कुटुंबाच्या एकत्र बाहेर पडण्याचा प्रकरण अभ्यास

हे कुटुंब सातारा जिल्ह्यातल्या कराड तालुक्यातलं. घरात पाच माणसं : आजी, आई, बाबा, दहावीतला मुलगा आणि त्याची ११ वर्षांची बहीण. बहिणीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम करणारी स्थिती आहे. तिला इथे चिमी म्हणते. हे तिचं खरं नाव नाही. कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे, पण ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजच्या जगण्यातल्या गोष्टी जमाव्यात यासाठी उपचार करते, आणि या घरी माझं नियमित जाणं असतं.

आमच्या फायलींमध्ये अशा मुलांची नोंद ठरावीक रकान्यांत होते. स्नायूंचा ताण, सांधे किती उघडतात, फिट किती आल्या, वजन किती वाढलं. चिमीच्या फाईलमध्ये हे सगळं व्यवस्थित होतं. त्यात नव्हती ती एक गोष्ट : चिमी पाच वर्षांची झाल्यापासून हे कुटुंब पाचजणांनी मिळून घराबाहेर पडलं नव्हतं. माझ्या मते या घरातली सगळ्यात गंभीर अडचण तीच होती, आणि तिच्यावर काम करणं हा उपचाराचाच भाग होता. हे प्रकरण लिहून काढण्याचं कारणही तेच.

चिमीची स्थिती

जन्मताना चिमी रडली नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि पहिले बरेच दिवस काचेच्या पेटीत गेले. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत जात नाही, पण तिचे शरीरावरचे परिणाम मूल वाढतं तसे बदलत जातात. चिमीचे चारही हातपाय ताठर आहेत. रॉबर्ट पॅलिसानो आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलेल्या, हालचालींच्या क्षमतेच्या पाच पायऱ्यांच्या वर्गीकरणात ती चौथ्या पायरीवर येते. म्हणजे आधार दिला तर बसते, पण इकडून तिकडे जायला तिला व्हीलचेअर आणि ती ढकलणारं माणूस लागतं. शब्द बोलत नाही. ‘हो’ म्हणायचं असेल तर नजर वर नेते, ‘नको’ असेल तर मान वळवते. डोळे ठीक आहेत, पण दिसलेल्याचा अर्थ लावणाऱ्या मेंदूच्या भागाला इजा आहे. त्यामुळे स्थिर वस्तूपेक्षा हलणारी, चमकणारी वस्तू तिला लवकर कळते. फिटची औषधं दोन वेळा चालू आहेत. लाळ कमी व्हावी म्हणून ग्लायकोपायरोलेट दिलं जातं. जेवण मऊ, कालवलेलं. वजन २४ किलो.

या २४ किलोंवर जरा थांबायला हवं, कारण कुटुंबाची घडी तिथेच बदलली. चिमी लहान होती तेव्हा बाबा तिला मोटरसायकलवर पुढे घेऊन कराडच्या प्रीतिसंगमावर जायचे. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन मिळतात. बाग आहे, घाट आहे, यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, संध्याकाळी भेळेच्या गाड्या असतात. मूल कडेवर असतं तोवर कुठलीही पायरी चढता येते. ते कडेवर मावेनासं झालं की प्रत्येक पायरी, प्रत्येक उंबरा, प्रत्येक फुटकी फरशी मोजावी लागते. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, तिचा उपयोग बऱ्याच घरांना होतो. पण बसच्या दाराच्या उंच पायऱ्यांवरून २४ किलोंचं ताठर अंग चढवायचं असेल तर खाली एक आणि वर एक अशी दोन माणसं लागतात, आणि कंडक्टर थांबायला तयार असावा लागतो.

फोटोंनी सांगितलेलं

घरातल्या सवयी समजून घ्यायच्या असतील तर मी फोटो पाहायला मागते. प्रश्नावलीला लोक बरोबर वाटतील अशी उत्तरं देतात. फोटो तसं काही करत नाहीत.

आईने फोन पुढे केला. सुरुवातीच्या फोटोंत चिमी सगळीकडे होती : संगमावर, पालीच्या खंडोबाला कपाळभर भंडारा लावून, कोयनानगरच्या नेहरू उद्यानात बाबांच्या खांद्यावर. पुढे ती घरातच दिसायला लागली. पलंगावर, कोपऱ्याच्या खुर्चीत, वाढदिवसाच्या केकसमोर. बाहेरच्या फोटोंत दोनच प्रकार उरले होते. एकात बाबा आणि दादा, दुसऱ्यात आई एकटी, तेही कुणाच्या लग्नात तासभर जाऊन आलेली. चिमीच्या मागे आकाश आहे असा एकही फोटो त्या सहा वर्षांत नव्हता.

घर दोन भागांत जगायला लागलं होतं. बाबा आणि दादा बाहेरच्या जगात, आई आणि चिमी आतल्या खोलीत, आणि मधे दोन्हीकडे ये-जा करणारी आजी. भांडण कुणाचंच नव्हतं. सगळे एकमेकांना सांभाळूनच घेत होते. बाबा म्हणायचे, ‘हिला कशाला दगदग?’ आई म्हणायची, ‘तुम्ही दोघं जाऊन या, पोराचं बालपण जायला नको.’ आजीचं म्हणणं सरळ होतं : ‘वारं लागंल पोरीला. आन् फिट आली तर तिकडं कोन हाय?’ प्रत्येक वाक्य प्रेमाचं होतं, आणि त्या सगळ्या वाक्यांची बेरीज म्हणजे चिमी घरात राहणं.

दादाशी वेगळं बोलले. तो फारसं बोलणारा मुलगा नाही. फोनमधला संगमाचा फोटो पाहून मात्र तो आपणहून म्हणाला, ‘तिला पाण्याचा आवाज आला ना, की ती मान वर करायची. घरात कधीच एवढी वर करत नाही.’ मी हे वाक्य तिथेच लिहून घेतलं. मान सावरणं हे आमचं जुनं उद्दिष्ट होतं आणि त्यासाठी खुळखुळे, दिवे, गाणी सगळं करून झालं होतं. तिला मान वर करायला लावणारी गोष्ट कोणती, हे त्या घरातल्या एका मुलाला माहीत होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, कारण ती आठवण सहलीची होती आणि सहलीचा उपचाराशी संबंध आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

उद्दिष्ट कुणी ठरवलं

आमच्या क्षेत्रात १९९१ पासून वापरात असलेली एक पद्धत आहे. रोजच्या जगण्यातली कोणती गोष्ट जमत नाही आणि जमावीशी वाटते, हे माणसाने किंवा कुटुंबाने स्वतः सांगायचं. मग ती आज किती जमते आणि त्यावर आपण किती समाधानी आहोत, याला दहापैकी गुण द्यायचे. आईला विचारलं तेव्हा तिने आधी चिमीच्याच गोष्टी सांगितल्या : घास नीट गिळावा, झोप लागावी. ‘आणि तुम्हाला काय हवंय?’ असं पुन्हा विचारल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘मॅडम, मला भाऊबीजेला माहेरी जायचंय. हिला घेऊन.’

माहेर गुहागरचं. तिचा भाऊ, म्हणजे चिमीचा मामा, दर वर्षी भाऊबीजेला कराडला यायचा आणि संध्याकाळी परत निघायचा. चिमीची तिकडची आजी आता प्रवास करू शकत नाही. नातीला तिने कित्येक वर्षांत फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. ‘मुलीला घेऊन माहेरी जाणं’ या गोष्टीला आईने जमण्यासाठी १ आणि समाधानासाठी १ गुण दिला.

पीटर रोझेनबॉम आणि यान विलेम गोर्टर या कॅनडातल्या तज्ज्ञांनी २०१२ मध्ये एका लेखात अपंग मुलांच्या बाबतीत सहा गोष्टींकडे पाहायला सांगितलं : काम करता येणं, कुटुंब, तंदुरुस्ती, मौज, मित्र आणि भविष्य. आमच्या पिढीच्या थेरपिस्टांना हा लेख माहीत असतो. पण रोजच्या कामात आम्ही तंदुरुस्तीपाशी अडकतो, आणि मौज ‘जमलं तर’ या खात्यात जाते. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या आपल्या २०१६ च्या कायद्यात सांस्कृतिक जीवन आणि करमणूक यांसाठी स्वतंत्र कलम आहे. ज्या आंतरराष्ट्रीय करारावर हा कायदा उभा आहे, त्याला भारताने २००७ मध्येच मान्यता दिली. गुहागरला जाणं हा चिमीचा हक्क आहे, हे मी आजीला सांगितलं. आजी म्हणाली, ‘हक्क हाय त्ये बराबर, पर न्हेनार कसं?’ तिचा प्रश्न रास्त होता, आणि पुढचं सगळं काम त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्याचं होतं.

तयारी

सुरुवात उचलण्यापासून केली. आई चिमीला एकटी, कमरेत वाकून उचलायची आणि तिची कंबर धरलेली असायची. गावातल्या शिंप्याकडून जाड कॅनव्हासची झोळी शिवून घेतली, कडेने निवारीच्या पट्ट्या आणि चारही कोपऱ्यांना मुठी. दोन माणसांनी समोरासमोर उभं राहायचं, गुडघ्यांत वाकायचं, एकाने मोजायचं आणि एकदम उचलायचं. बाबा आणि दादा हे करायला शिकले. या शिकण्यातून आणखी एक गोष्ट झाली. तोवर चिमीचं अंग फक्त आई आणि आजी हाताळायच्या. दहावीतल्या मुलाला बहिणीचा ताठर पाय कसा सोडवायचा हे कळलं : जोर लावायचा नाही, आधी गुडघा वाकवायचा, मग मांडी हळूहळू बाहेर न्यायची. तो हे आईपेक्षा शांतपणे करतो.

घरातून बाहेर पडायची वाटही नव्हती. जोतं दीड फूट उंच. उताराचा साधा नियम असा की एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी हवी. म्हणजे अठरा फूट. अंगणात सरळ एवढी जागा नसल्याने बाबांनी मधे सपाट वळण देऊन काटकोनात रॅम्प बांधला. तो झाल्यावर चिमी रोज संध्याकाळी अंगणात यायला लागली. मग आठवडाभराच्या किराण्याला जाताना बाजारात, मग संगमावर. गुहागरच्या आधी हे छोटे टप्पे मुद्दाम ठेवले होते. व्हीलचेअर गाडीत किती वेळात घडी होते, तिला किती वेळ बसवतं, लोक काय विचारतात, हे सगळं घरापासून जवळच्या जागी कळलेलं बरं. पालीची पौषातली यात्रा मात्र आम्ही यादीतून काढली. एवढ्या गर्दीत, डोळ्यांत जाणाऱ्या भंडाऱ्यात चिमीला नेण्यात कुणालाच आनंद नव्हता. एका साध्या रविवारी सकाळी सगळे जाऊन आले. खंडोबा तोच.

शौचाचा प्रश्न सगळ्यांत अवघड होता आणि त्यावर सगळ्यांत कमी बोललं जातं. ११ वर्षांच्या मुलीचं डायपर रस्त्यात कुठे बदलायचं? हॉटेलांत भारतीय पद्धतीचे संडास, तेही ओले. आडवं झोपवायला जागा कुठेच नाही. आई सहा वर्षं चिमीला घेऊन बाहेर पडली नाही, याचं हे खरं कारण आहे असं मला वाटतं. ती ते सांगत नव्हती इतकंच. आम्ही सरकत्या दाराची इको गाडी ठरवली आणि मागच्या सीटवर मेणकापड, वर सुती चादर, दोन्ही खिडक्यांना क्लिप लावून जुन्या साड्यांचे पडदे अशी सोय केली. मुलगी मोठी होते आहे, वर्ष-दोन वर्षांत पाळी सुरू होईल. पडदा ही तिच्या अब्रूची गोष्ट आहे हे दादालाही समजावून सांगितलं.

औषधांच्या बाबतीत तिच्या डॉक्टरांशी बोलून कागद तयार केला. फिटची औषधं ठरल्या वेळीच, गाडीत असलो तरी. जादा डोस दोन वेगवेगळ्या पिशव्यांत. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेल्या फिटसाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा आईच्या पर्समध्ये, आणि तो कसा मारायचा हे बाबांनाही पाठ. ग्लायकोपायरोलेटने लाळ कमी होते तसा घामही कमी येतो. अंग थंड ठेवण्याचा शरीराचा मार्गच त्यामुळे अपुरा पडतो. म्हणून उन्हात बसायचं नाही, ओला पंचा जवळ, दुपारी घरात. आणि चालत्या गाडीत घास भरवायचा नाही. घाटाच्या वळणावर अन्न श्वासनलिकेत गेलं तर काय होतं हे आजीला पटेपर्यंत सांगितलं, कारण भरवण्याचा आग्रह तिचाच असतो.

मामाला फोन केला तेव्हा तो पहिलं वाक्य बोलला ते भरती-ओहोटीचं. कोरड्या वाळूत व्हीलचेअरची चाकं रुततात. चाक चालतं ते ओहोटीच्या ओल्या, दबलेल्या वाळूवर. कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढतात : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अमावस्येला आणि पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, द्वितीयेला दीडला, चतुर्थीला तीनला. म्हणजे भाऊबीजेला सकाळी सात-सव्वासातला पूर्ण ओहोटी. अमावस्येनंतरचे दिवस असल्याने पाणी दूरवर ओसरलेलं, किनारा रुंद आणि ऊन कोवळं. चिमीसाठी याहून चांगली वेळ मला काढता आली नसती. मामा म्हणाला, ‘ताईला सांगा, सकाळी उठवणार. झोपायचं असेल तर कराडलाच झोपा.’

प्रवास

बाबा साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहेत. गळीत हंगाम सुरू झाला की पुढचे चार-पाच महिने सुटी मिळणं कठीण. त्या वर्षी गाळपाची पहिली मोळी दिवाळीनंतर पडणार होती, म्हणून पाडव्याच्या पहाटे निघता आलं. कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि मग गुहागर, साधारण १४० किलोमीटर. निरोगी मुलांना घेऊन हा रस्ता चार तासांत होतो. यांना सात लागले आणि ते आधीच धरलेलं होतं. कोयनानगरला थांबून खाऊ घातलं, अर्धा तास ताठ बसवलं, पडदे लावून कपडे बदलले. घाटात चिमीला उलटी झाली. तिला लगेच कुशीवर वळवलं, तोंड पुसलं. दादाने खिडकीची काच खाली केली.

गुहागरच्या घरात ओटीवर चढायला तीन पायऱ्या होत्या. मामाने दोन लांब फळ्या टाकून ठेवल्या होत्या, पण त्यांचा चढ फार उभा होता, म्हणून झोळीनेच आत नेलं. तिकडची आजी खांबाला धरून उभी होती. ‘आलीस गो बाय,’ एवढं म्हणून ती जवळ बसली आणि चिमीचा हात हातात घेऊन राहिली. न्हाणीघर परसात, मधे ओल्या चिऱ्यांची वाट. अंघोळीसाठी मामीने बुटकी घडवंची आणि त्यावर घडी घातलेली गोधडी अशी सोय केली. माझ्या यादीत हे नव्हतं. तिला ते सुचलं, कारण आपल्या म्हाताऱ्या सासूची अंघोळ तिच्या हातची असते.

रात्री गावात फटाके सुरू झाले. सेरेब्रल पाल्सीच्या बऱ्याच मुलांत अचानक आवाजाने दचकण्याची प्रतिक्रिया तीव्र असते. एका आवाजासरशी पूर्ण अंग ताठ होतं आणि सुटायला वेळ लागतो. चिमी उशिरापर्यंत झोपली नाही. अपुरी झोप हे फिटचं ओळखीचं कारण, आणि पहाटे तिला फिट आली. दोन मिनिटांच्या आत थांबली. आईने तिला कुशीवर ठेवलं, बाबांनी घड्याळ पाहिलं, फवारा लागला नाही. मामाच्या घरातली सगळी माणसं भोवती उभी होती. आईने नंतर मला सांगितलं की त्या वेळी पहिला विचार परत फिरण्याचा होता. बाबा म्हणाले, ‘फिट कराडला आली असती तरी हेच केलं असतं ना?’ त्या सकाळचा किनारा त्यांनी पुढे ढकलला आणि चिमीला दिवसभर झोपू दिलं. भाऊबीजेचं ओवाळणं दुपारी ओटीवर झालं. आईने भावाला ओवाळलं. चिमीच्या हाताखाली आजीचा हात ठेवून तबक दादासमोर फिरवलं, दादाने खाली वाकून कपाळ पुढे केलं आणि कुंकू भुवईवर लागलं.

किनारा

तृतीयेला पाऊणपटीच्या हिशोबाने ओहोटी आठच्या सुमारास येत होती. गुहागरचा किनारा लांब, सपाट आणि मागे सुरूचं बन. बनातून ओल्या वाळूपर्यंत जायला मधे कोरड्या वाळूचा पट्टा लागतो. तिथे मामाने नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं अंथरली होती. मागची झापं उचलून पुढे टाकत, खुर्ची मागे कलती करून, मोठ्या चाकांवर उलटी ओढत नेली. पुढची छोटी चाकं वाळूत टेकूच द्यायची नाहीत, हे संगमाच्या काठावर शिकलेलं तिथे कामी आलं. ओली वाळू लागली आणि खुर्ची सरळ चालायला लागली.

पाण्याचा आवाज मोठा झाला तशी चिमीने मान वर केली. दादा म्हणाला होता तशीच. आणि तशीच धरून ठेवली.

पुढे मात्र सगळं गोड झालं नाही. पहिली लाट पायावर आली तेव्हा पाणी गार लागलं, अंग ताठरलं आणि ती मोठ्याने रडली. आई खुर्ची मागे घ्यायला लागली. दादाने तिला थांबवलं, लाटेपासून थोडं मागे ओल्या वाळूत दोन्ही हातांनी खड्डा खणला, आणि बाबांनी झोळीतून चिमीला त्यात उतरवलं. पाठीमागे वाळूचा उतार, दोन्ही बाजूंना कड, मांड्यांच्या मधे वाळूचा उंचवटा. आम्ही फोम आणि प्लायवूड कापून अशा मुलांसाठी ज्या मापाची बैठक बनवतो, ती त्या मुलाने पाच मिनिटांत वाळूत बनवली होती. त्याहून नेमकी, कारण वाळू अंगाच्या प्रत्येक वळणाला धरून बसते. मांड्या उघड्या राहिल्या, कंबर टेकली, आणि कंबर स्थिर झाली की खांद्यांचा ताण उतरतो. मुठी उघडल्या. उजव्या हाताची बोटं वाळूत गेली आणि ती ओढायला लागली. मी हे मामाने काढलेल्या व्हिडिओत पाहिलं. बोटं उघडण्यासाठी आम्ही किती काळ झगडलो होतो हे मला माहीत आहे, म्हणून तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला.

किनाऱ्यावर फिरायला आलेली एक बाई थांबली आणि तिने विचारलं, ‘काय झालंय हो हिला?’ या प्रश्नाला आई नेहमी खाली बघून उत्तर द्यायची. या वेळी आजीने दिलं : ‘नात हाय माझी. समुद्र बघाया आलीया.’ ती बाई थोडा वेळ तिथेच बसली आणि चिमीच्या पायांवर वाळू टाकत राहिली.

ऊन चढायच्या आत सगळे घरी. चिमीला गोड्या पाण्याने अंघोळ, कातडीच्या घड्यांतली वाळू नीट काढणं, कारण ओल्या वाळूने घासून जखम होते. पायांना आधार देणाऱ्या स्प्लिंट त्या दिवशी घातल्याच नाहीत. खुर्चीची चाकं धुऊन, पुसून, तेल देऊन ठेवली.

परतल्यानंतर

आईने पुन्हा गुण दिले : जमण्यासाठी ५, समाधानासाठी ८. या पद्धतीत दोन गुणांचा फरकही मोठा मानतात. ५ का, असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘पायऱ्या, फटाके, उलटी. सोपं नव्हतं ना.’ मला तिचा हा ५ जास्त मोलाचा वाटतो, कारण तो खरा आहे.

काय बदललं नाही तेही लिहायला हवं. चिमीचा ताठरपणा तेवढाच आहे. फिट बंद झालेल्या नाहीत. आईची कंबर अजून दुखते. हंगाम सुरू झाल्यावर बाबांच्या पाळ्या सुरू झाल्या आणि संगमावर जाणं कमी झालं. बदलल्या त्या काही गोष्टी : घरात वाळूची मोठी घमेली आली, आणि हाताचे व्यायाम आता त्यात होतात. समुद्राच्या आवाजाची मामाने पाठवलेली ध्वनिफीत लावली की चिमी मान वर धरते, समुद्राकाठी धरली तितका वेळ नाही, पण पूर्वीपेक्षा जास्त. दादा तिला सांगतो, ‘गुहागरला जायचं?’ आणि तिची नजर वर जाते. तिच्याशी बोलायला घरात आता एक विषय आहे, जो दुखण्याचा, औषधाचा किंवा जेवणाचा नाही. पाचही जणांना तो सारखाच माहीत आहे. ज्या मुलाला शब्द नाहीत त्याच्याशी बोलताना असा सामायिक विषय किती लागतो, हे या घरांत जाणाऱ्यांनाच कळेल.

आईने मे महिन्यात पुन्हा जायचं विचारलं होतं. मी नको म्हटलं. कोकणातला मेचा उकाडा आणि घाम कमी करणारं औषध यांचं जमणार नाही. औषध काही दिवस थांबवता येईल का हे तिच्या डॉक्टरांनी ठरवायचं आहे. त्याआधी खुब्यांचा एक्स-रे व्हायचा आहे. चौथ्या-पाचव्या पायरीवरच्या मुलांत खुबा हळूहळू सरकण्याचा धोका असतो, आणि गाडीत सात तास बसवण्यापूर्वी तो कुठे आहे हे माहीत असायला हवं. मधल्या काळात एक छोटं उद्दिष्ट घेतलं आहे : बाबा आणि दादा यांनी चिमीला घेऊन कोयनानगरला एक दिवस जाऊन यायचं, आणि आई त्या दिवशी घरी झोपेल. आई याला अजून तयार नाही. आजी तयार आहे.